आयबीचा रिपोर्ट म्हणतो "लसीशी ९९.५ टक्के साम्य", मग आजार लसीनेच झाला का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ब्रॉयलरची बॅच आहे, हॅचरीत पहिल्या दिवशी मॅसाच्युसेट्स प्रकारच्या आयबी (इन्फेक्शियस ब्रॉंकायटिस, कोंबड्यांचा श्वासाचा संसर्गजन्य आजार) लसीचा स्प्रे झालाय, १४ व्या दिवशी पाण्यातून ७९३बी प्रकारची लस दिली. २६ व्या दिवशी शिंका सुरू झाल्या, रात्री शेडमध्ये घरघर ऐकू यायला लागली, ३० व्या दिवसापासून मरतूक वाढली आणि पोस्टमॉर्टेमला किडन्या सुजलेल्या, फिकट दिसल्या. २८ व्या दिवशी श्वासनलिकेचे स्वॅब लॅबला गेले होते, रिपोर्ट आला की आयबी पॉझिटिव्ह, सीटी (पीसीआर चाचणीत कितव्या फेरीत व्हायरस दिसला तो आकडा) ३१, व्हायरसच्या एस१ जनुकाचा ३९० अक्षरांचा (जनुकाच्या साखळीतल्या घटकांचा) तुकडा वाचला, तो ७९३बी लसीशी ९९.५ टक्के जुळतो, गट जीआय-१३. आणि तुम्ही विचारताय की मग लसीनेच आजार झाला का, आणि पुढच्या बॅचला ही लस बंद करू का.

लस बंद करू नका. निदान या रिपोर्टच्या जोरावर तरी नका करू. लॅबचं काही चुकलेलं नाही, त्यांनी जे वाचलं ते बरोबरच वाचलंय, पण तुम्हाला हवं असलेलं उत्तर त्या स्वॅबमध्ये नव्हतंच, ते बहुतेक किडनीत होतं आणि किडनी पाठवलीच गेली नाही.

आता हे नीट समजून घेऊ, कारण हा घोळ मी दरवर्षी बघतो. इन्फेक्शियस ब्रॉंकायटिसचा व्हायरस म्हणजे कोंबड्यांचा कोरोनाव्हायरस, गॅमा गटातला. १९३१ साली अमेरिकेत नॉर्थ डकोटात पिल्लांमध्ये त्याची पहिल्यांदा नोंद झाली, तेव्हा तो श्वासाचाच आजार वाटला होता, किडनी आणि अंडनलिका यांचा संबंध नंतर कळत गेला. त्याचा सगळा जीनोम साधारण २७,६०० अक्षरांचा, आरएनएचा एकच सलग धागा. त्यातला स्पाइकचा (व्हायरसच्या अंगावरच्या काट्याचा) पुढचा अर्धा भाग म्हणजे एस१, तो सुमारे १,६०० अक्षरांचा. पेशीला चिकटायचं काम याचं, पक्ष्याच्या शरीरात तयार होणाऱ्या अँटिबॉडी प्रामुख्याने यालाच ओळखतात आणि म्हणूनच सगळ्यात जास्त बदल पण यातच होतात. तुमच्या रिपोर्टमध्ये वाचलेत ३९०. म्हणजे एस१ चा पाव भाग आणि पूर्ण व्हायरसचा दीड टक्का पण नाही. एवढ्यावरून ओळख पटवता येते, नाही असं नाही, पण काय पटतं आणि काय पटत नाही हे कळायला हवं.

९९.५ टक्के म्हणजे ३९० पैकी २ अक्षरं वेगळी. एवढा फरक लसीचा व्हायरस पक्ष्यांमधून चार-सहा वेळा फिरला तरी पडू शकतो, किंबहुना लसीच्या बाटलीतच थोडे थोडे वेगळे व्हायरस मिसळलेले असतात, त्यातला एखादा पक्ष्यात जास्त वाढतो. दुसरी अडचण, ७९३बीची लस बनलीय ती शेतावरच्या ७९३बी व्हायरसलाच अंड्यांतून फिरवून सौम्य करून, त्यामुळे या छोट्या तुकड्यात लसीचा व्हायरस आणि त्याच कुळातला बाहेरचा व्हायरस कधी कधी अगदी सारखे दिसतात. तेव्हा ९९ च्या वर साम्य असेल आणि ती लस गेल्या काही आठवड्यांत दिली असेल तर "बहुधा लसीचा" एवढंच म्हणायचं. लस कधीच दिलेली नसेल तर तोच आकडा पूर्ण वेगळी गोष्ट सांगतो. म्हणून मी कुठलाही रिपोर्ट हातात आला की टक्के नंतर बघतो, आधी लसीकरणाची तारीख विचारतो.

तुमच्या केसमध्ये लस १४ व्या दिवशी आणि स्वॅब २८ व्या दिवशी, मध्ये बरोबर दोन आठवडे. जिवंत लस आहे ती, पक्ष्यात वाढणं हेच तिचं काम आहे, त्यामुळे दोन आठवड्यांनी श्वासनलिकेत थोडी शिल्लक सापडली तर ते अपेक्षितच आहे. आणि थोडीच आहे, सीटी ३१ तेच सांगतोय. सीटी जेवढा मोठा तेवढा व्हायरस कमी, आणि साधारण सव्वातीन आकड्यांचा फरक म्हणजे दहापट. ज्या पक्ष्याला आयबीमुळे आत्ता जोरात घरघर आहे त्याच्या स्वॅबचा सीटी मला बहुतेक वेळा २० च्या आसपास दिसतो, म्हणजे तुमच्या नमुन्यात त्याच्या हजारपट कमी माल आहे. एवढ्याशा व्हायरसवर सगळ्या आजाराचा ठपका ठेवायला माझं मन धजत नाही.

मग आजार कशाने? दोन शक्यता मला जास्त वाटतात आणि दोन्ही एकदम पण असू शकतात.

पहिली म्हणजे दुसराच आयबी व्हायरस किडनीत बसलाय. क्यूएक्स म्हणजे जीआय-१९ किंवा व्हेरिएंट-२ म्हणजे जीआय-२३ या कुळातले व्हायरस किडनीला धरतात हे नक्की माहिती आहे. ते श्वासनलिकेतूनच आत शिरतात, तिथे थोडे दिवस जोर करतात, मग श्वासनलिकेतून कमी होतात आणि किडनीत, आतड्यात टिकून राहतात. तुम्ही लिहिलंय की २६ ला शिंका आणि ३० ला मरतूक, हा क्रम मला त्यामुळेच खटकला. आधी शिंका, मधे एक-दोन दिवस बरं वाटतं, मग पाणी जास्त पितात, लिटर ओलं होतं आणि मेलेले पक्षी उघडले की किडन्या फुगून आपल्या खाचेबाहेर आलेल्या, त्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं, मूत्रनलिका खडू भरल्यासारख्या पांढऱ्या आणि टणक. बोटाने दाबली तर ओल्या चुन्यासारखे युरेट (लघवीतले पांढरे क्षार) बाहेर येतात. तुमच्या फोटोत मूत्रनलिका नीट दिसत नाहीये, पुढचा पक्षी उघडाल तेव्हा आतडी पूर्ण बाजूला घेऊन फोटो काढा. अर्थात किडनी सुजली म्हणजे आयबीच असं पण नाही हं, पाणी काही तास बंद पडलं, लहान पक्ष्यांना चुकून कॅल्शियम जास्त असलेलं खाद्य गेलं किंवा एव्हियन नेफ्रायटिसचा अॅस्ट्रोव्हायरस असला तरी साधारण असंच चित्र दिसतं. म्हणून तर किडनीचा नमुना.

दुसरी शक्यता अशी की लस सगळ्या पक्ष्यांना एकसारखी पोचली नाही. पाण्यातून लस देताना हे फार होतं. पाण्यात क्लोरीन शिल्लक असतो, स्किम मिल्क पावडर घालायची राहून जाते (मी लिटरला अडीच ग्रॅम घालतो, लस टाकायच्या निदान पंधरा-वीस मिनिटं आधी), लाइनच्या शेवटच्या निपलपर्यंत लसीचं पाणी पोचलं की नाही कुणी बघत नाही. मग निम्म्या पक्ष्यांना लस मिळते, उरलेल्यांना ती शेजारच्या पक्ष्याकडून मिळते, त्यांच्याकडून पुढच्यांना, आणि असा लसीचा व्हायरस दोन-तीन आठवडे शेडमध्ये फिरत राहतो. फिरता फिरता त्याचा सौम्यपणा थोडा कमी होऊ शकतो, वर अमोनिया आणि ई. कोलाय असला की शिंका लांबतात. याला आम्ही रोलिंग रिअॅक्शन म्हणतो. तुमच्या शिंकांचं उत्तर यात असेल, पण किडनीचं यात बसत नाही.

आता तुम्ही म्हणाल की क्यूएक्स असता तर तो सिक्वेन्सिंगमध्ये (जनुकाची अक्षरं वाचण्यात) दिसला नसता का. नाही, आणि हीच गोष्ट लोकांना सगळ्यात कमी माहिती असते. साध्या सँगर पद्धतीत लॅब आधी पीसीआरने तो तुकडा लाखो-कोटी पट वाढवते आणि मग वाचते. नमुन्यात दोन व्हायरस असतील तर जो जास्त आहे, किंवा ज्याच्यावर प्रायमर (तुकडा वाढवायची सुरुवात करणारा छोटा डीएनए धागा) जास्त चांगला बसतो, तोच वाढतो आणि तोच वाचला जातो. दुसरा तिथे असूनही रिपोर्टमध्ये येत नाही. श्वासनलिकेत लसीचा जास्त, बाहेरचा कमी असेल तर कागदावर फक्त लस येणार.

म्हणून लॅबकडे नुसता पीडीएफ मागू नका, क्रोमॅटोग्रामची मूळ फाइल मागा. चार रंगांच्या शिखरांचा तो आलेख असतो, प्रत्येक अक्षराला एक शिखर. मी तो मोठा करून एका टोकापासून सरकवत जातो. शुद्ध नमुन्यात प्रत्येक जागी एकच उंच शिखर आणि तळाशी सपाट रेघ. मिश्र नमुन्यात मात्र मधेच एखाद्या जागी मोठ्या निळ्या सी च्या पोटात छोटं लाल टी उभं दिसतं, पुढे दहा-बारा अक्षरांनी परत तसंच, परत पुढे. सॉफ्टवेअर तिथे मोठं शिखर घेऊन मोकळं होतं. एखाद्या ठिकाणी असं दिसलं तर ती वाचनातली घाण असू शकते, पण जिथे जिथे ७९३बी आणि क्यूएक्स एकमेकांपासून वेगळे आहेत नेमक्या त्याच जागांवर छोटी शिखरं ओळीने उभी असतील तर दुसरा व्हायरस आहे म्हणून समजा. मला हे पहिल्यांदा एका सीनियरने शेजारी बसवून दाखवलं होतं, तोपर्यंत मी पण रिपोर्टची शेवटची ओळच वाचायचो.

आणि त्या शेवटच्या ओळीवर विसंबल्याचा परिणाम मी पाहिलाय, म्हणून एवढं लांबण लावतोय. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, तलंगांची एक बॅच होती, दुसऱ्या आठवड्यात थोड्या शिंका, मरतूक जवळपास नाहीच. स्वॅब पाठवले, रिपोर्ट आला मॅसाच्युसेट्स, लसीशी जवळजवळ शंभर टक्के. मी मालकांना सांगितलं की लसीची रिअॅक्शन आहे, काळजी करू नका. पक्षी छान वाढले, तुरे लाल झाले, वजन बरोबर, पण अंड्यावर आल्यावर उत्पादन वर चढेचना. खाद्य तपासलं, लाइट तपासला, सगळं ठीक. शेवटी काही कोंबड्या उघडल्या तर बिजांड एकदम व्यवस्थित, पिवळ्या बलकांची माळ लागलेली, आणि अंडनलिकेच्या जागी पाण्याने भरलेली पारदर्शक पिशवी. पहिल्या दोन आठवड्यांत क्यूएक्स लागला की तो अंडनलिका कायमची बिघडवतो, पक्षी दिसतो अंड्यावरचा, पेटीत बसतो पण अंडं नाही. सुदैवाने त्या वेळच्या सीकल टॉन्सिलचे (आतड्याच्या शेवटच्या भागातल्या गाठींचे) नमुने फ्रीझरमध्ये होते, क्यूएक्सचा खास पीसीआर लावला आणि तो स्वच्छ पॉझिटिव्ह आला. सुरुवातीला कळलं असतं तरी ती बॅच वाचली नसती, पण मालकांनी वीस आठवडे तिला खाद्य घातलं नसतं आणि शेजारच्या शेडमधल्या पिल्लांना वेळेत वेगळी लस मिळाली असती. त्यांचा चेहरा अजून आठवतो मला.

तर तुम्ही आता काय करायचं. आजारी पण जिवंत पक्षी निवडा, ज्यांना नुकती लक्षणं सुरू झालीत असे आठ-दहा. आठवडाभर आजारी राहून मेलेल्या पक्ष्यात व्हायरस कमी आणि बॅक्टेरिया जास्त सापडतात. श्वासनलिका, किडनी आणि सीकल टॉन्सिल असे तीन अवयव, तिन्ही वेगवेगळ्या डब्यांत. हे वेगळं ठेवणं फार महत्त्वाचं आहे, लोक सगळं एका पिशवीत घालतात, मग आतड्यातली लस किडनीच्या व्हायरसला झाकून टाकते आणि परत तोच रिपोर्ट येतो. सीकल टॉन्सिलमध्ये लसीचा व्हायरस बरेच आठवडे सापडू शकतो, तेव्हा तिथे ७९३बी आला तर दचकू नका, पण किडनीत कमी सीटी आणि वेगळं कूळ आलं तर तेच उत्तर. स्वॅब घ्यायचे तर प्लास्टिकच्या दांडीचे, सिंथेटिक टोकाचे घ्या, लाकडी दांडीचे नकोत, त्याने पीसीआर बिघडतो, आणि बॅक्टेरियासाठी असतं ते जेल किंवा कोळसा असलेलं माध्यम पण नको. थंड साखळी जमत नसेल तर एफटीए कार्डवर (नमुना टिकवणाऱ्या खास कागदावर) ठसे घ्या, त्यावर व्हायरस मरतो पण आरएनए वाचण्यापुरता टिकतो. फक्त कार्डावरून व्हायरस परत वाढवता येत नाही एवढं लक्षात ठेवा.

लॅबला सांगताना नुसतं "आयबी टायपिंग" असं लिहू नका. किडनीच्या नमुन्यावर क्यूएक्स आणि व्हेरिएंट-२ साठीचे वेगळे पीसीआर मागा आणि जो पॉझिटिव्ह येईल त्याचा पूर्ण एस१ वाचून घ्या. पूर्ण एस१ का, तर त्यात फार बदलणारे तीन पट्टे आहेत, दोन सुरुवातीलाच आणि तिसरा बराच पुढे. छोट्या तुकड्यात बहुतेक वेळा एकच पट्टा येतो. आणि हे व्हायरस एकमेकांत तुकडे बदलतात, एकाच पेशीत दोन जातीचे शिरले की कॉपी करणारं एन्झाइम एका धाग्यावरून मधेच दुसऱ्यावर उडी मारतं आणि अर्धा या कुळातला अर्धा त्या कुळातला असा नवीन व्हायरस तयार होतो. अशा व्हायरसचा पुढचा तुकडा वाचला तर तो एका नावाचा, मागचा वाचला तर दुसऱ्या. दोन लॅबचे रिपोर्ट जुळत नाहीत तेव्हा एकमेकांना खोटं ठरवण्याआधी दोघांनी कुठला तुकडा वाचला ते बघावं. परवडत असेल आणि केस गुंतागुंतीची असेल तर पूर्ण जीनोमचं नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग सगळ्यात उत्तम, त्यात मिश्र संसर्ग पण दिसतो, पण प्रत्येक शेडला ते लागत नाही.

नावांचा गोंधळ पण थोडा सोडवतो. पूर्वी ज्याला जे सुचेल ते नाव असायचं, गावाचं, प्रयोगशाळेचं, नंबरचं. २०१६ मध्ये व्हालास्ट्रो आणि सहकाऱ्यांनी पूर्ण एस१ वरून ६ जीनोटाइप आणि ३२ कुळं अशी मांडणी केली, नंतर त्यात भर पडत गेली. जीआय-१ म्हणजे मॅसाच्युसेट्स, जीआय-१३ म्हणजे ७९३बी किंवा ४/९१, जीआय-१९ म्हणजे क्यूएक्स, जीआय-२३ म्हणजे व्हेरिएंट-२, एवढी चार डोक्यात असली तरी बरंच काम भागतं. त्याच मांडणीत नवीन कूळ म्हणायला निदान दोन वेगळ्या उद्रेकांतले तीन तरी व्हायरस हवेत अशी अट आहे, त्यामुळे एका शेडमधल्या एका स्वॅबवरून "नवीन स्ट्रेन सापडला" असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. तसंच डेटाबेसमध्ये सगळ्यात वर जे नाव येतं त्याच्यापुढे एखाद्या देशाचं नाव असतं, लोक लगेच म्हणतात व्हायरस तिकडून आला. तसं नसतं हो, तिथल्या कुणीतरी तो आधी वाचून टाकला एवढाच त्याचा अर्थ. आणि तुमच्या लॅबने तुकड्याच्या दोन्ही टोकांची प्रायमरची अक्षरं कापली होती का ते पण विचारा, ती व्हायरसची नसतात, आपणच घातलेली असतात, ती तशीच ठेवली की साम्य उगाच वाढतं.

दुसरे आजार मी गृहीत धरतोय की तुम्ही तपासलेत. नसतील तर त्याच नमुन्यांवर न्यूकॅसल, एव्हियन इन्फ्लुएंझा आणि मायकोप्लाझ्मा लावून घ्या. एच९एन२ (एव्हियन इन्फ्लुएंझाचा एक प्रकार) आणि आयबी एकत्र आले की चित्र फारच बिघडतं. आणि मरतूक एकदम उसळली, तुरे निळे पडले, पक्षी पटापट जायला लागले तर सिक्वेन्सिंगची वाट बघत बसू नका, स्वतः पक्षी उघडत बसू नका आणि आधी सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा.

लसीबद्दल शेवटचं, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. जनुकीय कूळ वेगळं निघालं म्हणजे तुमची लस निकामी असं गणित नाही. १९९९ मध्ये जेन कुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मॅसाच्युसेट्स आणि ४/९१ या दोन वेगळ्या लसी पाठोपाठ दिल्या तर त्या दोघींशी न जुळणाऱ्या बऱ्याच व्हायरसपासून पण श्वासनलिका वाचते. प्रोटेक्टोटाइप म्हणतात त्याला. तुमचा कार्यक्रम नेमका तोच आहे. त्यामुळे ७९३बी काढून टाकलीत तर जे काही संरक्षण मिळतंय त्यातलं अर्धं स्वतःच्या हाताने घालवाल. संरक्षण आहे की नाही हे सिक्वेन्स सांगूच शकत नाही, ते पक्ष्यात बघावं लागतं. लस दिलेल्या पक्ष्यांना बंदिस्त सोयीत तो व्हायरस देतात, साधारण पाचव्या दिवशी श्वासनलिकेचे दहा पातळ छल्ले कापतात, वरचे तीन, मधले चार, खालचे तीन, आणि मायक्रोस्कोपखाली सिलिया (श्वासनलिकेच्या आतले बारीक केस) हलतायत का बघतात. निरोगी छल्ल्याच्या आतल्या कडेला सिलिया अशा लहरतात की कडाच थरथरतेय असं वाटतं, आणि मार बसलेल्या छल्ल्यात ती कड दगडासारखी स्थिर. प्रत्येक छल्ल्याला ० ते ४ गुण, दहांचे मिळून ४०, आणि २० च्या आत असेल तर तो पक्षी वाचला असं धरतात. ही सोय थोड्याच ठिकाणी असते, पण लस बदलायचा मोठा निर्णय असेल तर तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

तोवर पुढच्या बॅचला एक सोपी गोष्ट करा. १४ व्या दिवशी लस दिली की २० किंवा २१ व्या दिवशी शेडच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून वीस पक्ष्यांचे स्वॅब घ्या आणि एकत्र न करता प्रत्येकाचा वेगळा आयबी पीसीआर करा. जवळजवळ सगळे पॉझिटिव्ह आले तर लस पोचली. लाइनच्या टोकाकडचे निगेटिव्ह आले तर तुमचा पहिला दोष पाण्यात आहे, आधी तो काढा. आणि आत्ताच्या बॅचच्या किडन्या पाठवताना प्रत्येकातला अर्धा तुकडा उणे ८० च्या, नाही तर निदान उणे २० च्या फ्रीझरमध्ये ठेवा, डब्यावर पक्ष्याचं वय, अवयव, लक्षणं सुरू झाल्याचा दिवस आणि दोन्ही लसींच्या तारखा लिहा. किडनीचा निकाल आला की सीटीसकट इथेच टाका, क्रोमॅटोग्रामची फाइल मिळाली तर ती पण, मी बघून सांगतो.